रात्री अपडेट झाला, सकाळी फोन अनोळखी

मागच्या उन्हाळ्यात नागपुरात, त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या शेजारच्या काकाजींनी सकाळी सातलाच बेल वाजवली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चार्जर आणि केबल. "भाऊ, हा चार्जच नाही होऊन राहिला. ऐंशीवर येते अन् थांबून जाते." आदल्या दिवशी ते बर्डीवरच्या एका दुकानात जाऊन आले होते. तिथल्या पोराने बॅटरी गेल्याचं सांगितलं, सॉफ्टवेअर मारून पाहतो म्हणून तीनशे रुपये घेतले आणि फोन होता तसाच परत दिला.

फोनला काहीच झालं नव्हतं. अपडेटनंतर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लागली होती. लिथियम बॅटरी सतत शंभरावर ठेवली, त्यातही गरम हवेत, तर लवकर थकते. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी ही सोय दिली आहे. सॅमसंगमध्ये ती 'बॅटरी प्रोटेक्शन' या नावाने सापडते, आयफोन १५ पासूनच्या मॉडेलांत 'चार्जिंग' या पानावर असते, गूगलच्या पिक्सेल फोनांत 'चार्जिंग ऑप्टिमायझेशन' म्हणून. एक बटण सरकवलं आणि काट्याने पुढचा प्रवास सुरू केला. (नंतर मीच काकाजींना ती मर्यादा पुन्हा लावून ठेवायला सांगितलं. आपल्याकडच्या मे महिन्यात तिचा उपयोगच आहे. त्यांनी लावली नाही. शंभर दिसल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.)

मी मोबाईलवाला नाही, शाळेत गणित शिकवतो. पण आई, तिचं भजनी मंडळ आणि शेजारपाजार मिळून पंधरावीस फोन दर अपडेटनंतर माझ्यापुढे येतात. त्यातून बसलेली पद्धत इथे देतो.

आधी शोधा, बदललं कोणी

"फोन बदलला" असं आपण म्हणतो, पण बदल करणारे तिघं वेगळे असतात आणि प्रत्येकाचा इलाजही वेगळा असतो.

पहिली, फोनची मूळ प्रणाली, म्हणजे अँड्रॉइड किंवा आयओएस. हे मोठं अपडेट तुम्हाला विचारून येतं, फोन बंद होऊन चालू होतो आणि त्यात दहापंधरा मिनिटं जातात. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडलं की आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या छोट्या दुरुस्तीची, तारीख दिसते.

दुसरं, एखादं सुटं ॲप. हे मुकाट्याने येतं, बहुतेक वेळा रात्री, वायफाय आणि चार्जर दोन्ही जोडलेले असताना. प्ले स्टोअर उघडा, वर तुमच्या चित्रावर टिचकी मारा, 'मॅनेज ॲप्स' मध्ये जा आणि यादी 'रिसेंटली अपडेटेड' क्रमाने लावा. काल रात्री कोण बदललं ते तिथे कळतं. काही बदल तर ॲप अपडेट न होताही कंपनीच्या सर्व्हरवरून चालू केले जातात.

तिसरे आपण स्वतः. अपडेटनंतर पहिल्यांदा फोन उघडला की पाटी येते, "ही नवी सोय वापरून पाहायची?" आणि आपण घाईत 'ओके' दाबतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ह्या तिसऱ्याचा वाटा भरपूर आहे, फक्त कबूल कोणी करत नाही.

दुसऱ्या प्रकाराचं ठळक उदाहरण ऑगस्ट २०२५ मधलं. गूगलच्या फोन ॲपचा चेहरा बदलला आणि भारतभर लोकांना वाटलं, फोनचंच अपडेट झालं. फेव्हरिट आणि रिसेंट अशी दोन पानं होती ती 'होम' या एकाच पानावर आली, बटणं मोठी झाली आणि येणारा कॉल उचलायची रीत बदलली. पूर्वी बोट वर सरकवायचं, आता आडवं. त्या आठवड्यात आमच्या भजनी मंडळात निम्म्या बायकांचे कॉल कटत होते आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्यावर रागावल्या होत्या.

पहिला अर्धा तास: रोजची पाच कामं

अपडेट झाल्यावर नव्या सोयींचा फेरफटका मारायला जाऊ नका. ते आठवडाभराने करा, नाही केलं तरी चालेल. आधी स्वतःची रोजची पाच कामं कागदावर लिहा आणि ती एकेक करून पाहा. आईची यादी अशी: कॉल उचलणं, मला कॉल लावणं, व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप पाठवणं, भाजीवाल्याला पैसे देणं, टॉर्च लावणं. तुमची वेगळी असेल. ह्यातलं जे अडेल तेवढंच आज दुरुस्त करायचं.

सगळ्यात आधी कॉल. आणि हा खरा कॉल आल्यावर शिकायचा नसतो. घाईत बोट जुन्याच दिशेला जातं, कारण ती दिशा डोक्याने नव्हे, बोटाने पाठ केलेली असते. आम्ही काय केलं ते सांगतो. मी आतल्या खोलीत बसून माझ्या फोनवरून आईला ओळीने दहा कॉल केले. तिने प्रत्येक उचलायचा, "हं" म्हणायचं आणि ठेवायचा. चौथ्यापर्यंत चुकली, सातव्यापासून चुकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाच. कितीही समजावून सांगा, ह्या दहा कॉलांची बरोबरी होत नाही.

आडवं सरकवणं जमतच नसेल, किंवा हाताला कंप असेल, तर गूगलच्या फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'इनकमिंग कॉल जेश्चर' आहे. तिथे 'सिंगल टॅप' निवडा. मग फक्त दोन बटणं दिसतात, एक उचलायचं आणि एक नाकारायचं. वयस्क माणसांसाठी मला हेच बरं वाटतं. खिशातून काढताना चुकून बोट लागायची भीती मात्र वाढते.

जुनंच रूप हवं असेल तर फोन ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' मध्ये जा, वरच्या तीन टिंबांतून 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करा. मग प्ले स्टोअरमध्ये त्याच ॲपच्या पानावर तीन टिंबांत 'ऑटो अपडेट' ची खूण काढा. हे फोनसोबत आलेल्या ॲपलाच लागू पडतं. मी हा उपाय महिना-दोन महिन्यांसाठीच सांगतो. जुन्या ॲपमधली सुरक्षेची भोकंही त्यासोबत परत येतात, आणि नवं कधीतरी शिकावं लागतंच.

आयफोनवाल्यांकडेही हेच झालं. आवृत्ती १८ नंतर थेट २६ आली, सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि फोन ॲपची पानं एकत्र झाली. तिथे माघार सोपी आहे: फोन ॲपमध्ये वर उजवीकडच्या तीन रेघांच्या चिन्हावर टिचकी मारून 'क्लासिक' निवडायचं. काचेसारखी पारदर्शक बटणं वाचता येत नसतील तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ', त्यात 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' चालू करा. २६.१ पासून 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस' मध्ये काच जरा दाट करायची 'टिंटेड' सोयही आली आहे.

नाव माहीत नसेल तर शोधा कसं

बहुतेक जण सेटिंग्जमध्ये वरून खाली सरकत बसतात आणि दमतात. दर अपडेटला ह्या याद्यांचा क्रम बदलतो, तो पाठ करण्यात अर्थ नाही. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर भिंगाचं चिन्ह असतं, तिथे शब्द टाका: बॅटरी, रिंगटोन, फॉन्ट, नेव्हिगेशन, कीबोर्ड. फोन मराठीत असेल तर मराठीत टाकून पाहा, सापडलं नाही तर इंग्रजीत. एवढी एक सवय लागली तर माझ्याकडच्या फेऱ्या निम्म्याने कमी होतील.

हमखास अडणाऱ्या जागा

वरून ओढायची पट्टी. सॅमसंगच्या वन यूआय ७ मध्ये, म्हणजे २०२५ च्या अपडेटमध्ये, तिचे दोन भाग झाले. उजव्या कोपऱ्यातून ओढलं तर वायफाय-टॉर्चची बटणं, बाकी जागेतून ओढलं तर सूचना. "टॉर्च हरवला" ही तक्रार इथूनच येते. उजवीकडून ओढा, पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारा, 'पॅनल सेटिंग्ज' मध्ये 'टुगेदर' निवडा. दोन्ही पुन्हा एकत्र. टॉर्चचं बटण पहिल्या ओळीत आणायचं असेल तर त्याच पेन्सिलीने ओढून आणता येतं. अँड्रॉइड १२ पासून कित्येक फोनांत वायफाय आणि मोबाईल डेटा 'इंटरनेट' ह्या एकाच बटणात गेले आहेत. डेटा बंद करायचं बटण शोधून दमलेल्यांनी त्यावर टिचकी मारावी, आत दोन्ही आहेत.

बाजूचं बटण. दाबून धरलं की फोन बंद व्हायला हवा, त्याऐवजी कोणीतरी "बोला, काय मदत करू" म्हणतं. सॅमसंगमध्ये ॲडव्हान्स्ड फीचर्स, साइड बटन, लाँग प्रेस, 'पॉवर ऑफ मेन्यू'. इतर फोनांत भिंगात 'पॉवर बटन' टाका. हे जमेपर्यंत पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून पाहा. काही फोनांत आवाज कमी करायचं लागतं. आणि पॉवरचं बटण चाळा म्हणून पटापट पाच वेळा दाबू नका. अँड्रॉइड १२ पासून पुष्कळ फोनांत त्याने आणीबाणीचा कॉल सुरू होतो आणि आपल्याकडे तो ११२ ला लागतो. आमच्या शेजारच्या नातवाने तो लावून दाखवला आहे. सोय चांगली आहे, बंद करू नका, फक्त घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

खालची तीन बटणं गायब झाली, तर भिंगात 'नेव्हिगेशन' टाका आणि तीन बटणांचा पर्याय निवडा. बस.

फोन अचानक प्रत्येक गोष्ट वाचून दाखवू लागला आणि एका टिचकीने काही उघडेनासं झालं, तर घाबरू नका. ते टॉकबॅक आहे, दृष्टिहीनांसाठीची सोय. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून ठेवा, बहुतेक वेळा बंद होतं. नाही झालं तर लक्षात ठेवा, तोवर उघडायला दोनदा टिचकी आणि सरकवायला दोन बोटं लागतात. चौकातल्या दुकानात ह्या एकाच गोष्टीचे दोनशे रुपये घेतल्याचं मी ऐकलं आहे.

सूचना येईनाशा होणं ही मात्र सगळ्यात गुंतागुंतीची जागा आहे, कारण दिसत काहीच नाही. औषधाचं रिमाइंडर वाजत नाही, व्हॉट्सॲपचे निरोप ॲप उघडल्यावरच धडाधड येतात. ओळीने चार गोष्टी तपासा. पहिली, 'डू नॉट डिस्टर्ब' किंवा आता ज्याला 'मोड्स' म्हणतात ते चालू नाही ना. झोपेचा मोड आपोआप लागलेला असतो. दुसरी, त्या ॲपला सूचना द्यायची परवानगी आहे का. अँड्रॉइड १३ पासून ही परवानगी वेगळी मागितली जाते आणि घाईत 'नको' दाबलं की विषय संपला. तिसरी, ॲप इन्फोमधली बॅटरी: तिथे बंधन असेल तर 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, पण फक्त गरजेच्या दोन-तीन ॲपांना, नाहीतर बॅटरी दुपारीच बसते. चौथी, ॲप महिनोन्महिने उघडलंच नसेल तर अँड्रॉइड त्याच्या परवानग्या स्वतःहून काढून घेतं. पावसाळ्यात एकदाच लागणारं ॲप असं हमखास सापडतं. ओटीपी दिसत नसेल तर मेसेज ॲपमधला स्पॅमचा कप्पाही पाहा. आणि गजर लागतो की नाही ते रात्रीच दोन मिनिटांनंतरचा लावून पाहा, पहाटेच्या गाडीवर प्रयोग नको.

मराठी कीबोर्ड गेला, असं वाटतं तेव्हा बहुधा दुसराच कीबोर्ड पुढे आलेला असतो. टाइप करताना कोपऱ्यात कीबोर्डचं छोटं चिन्ह दिसतं, तिथून जुना निवडा. गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड असेल तर स्पेसबार दाबून धरला की भाषांची यादी येते. अक्षरं बारीक झाली असतील तर फॉन्ट वाढवा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो, पण देवनागरीत तेवढ्यावर बटणांवरची नावं अर्धी कापली जातात. माझ्या अनुभवात १३० च्या आसपास थांबलेलं बरं.

व्हॉट्सॲपमधला तो गोल, मेटा एआयचा: आपल्याकडे २०२४ च्या जूनपासून आला. तो काढता येत नाही. दुर्लक्ष करा.

दोन दिवस फोन तापतो, तेव्हा

मोठ्या अपडेटनंतर फोन आतून घर आवरत असतो. ॲप नव्या प्रणालीसाठी पुन्हा जुळवली जातात, फोटोंची यादी नव्याने लागते. त्यामुळे दोन-तीन दिवस फोन गरम राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. आठवड्याच्या आत बॅटरीबद्दल मत बनवू नका.

नागपुरात ह्याला आणखी एक बाजू आहे. ॲपल आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ असतात, म्हणजे अपडेटआधीच आपण दहा अंश पुढे असतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये मोठं अपडेट पहाटे करा. कव्हर काढा, फोन गादीवर नव्हे, फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा ओली असते. आणि फ्रीजमध्ये तर मुळीच नाही. हे लिहावं लागतं, कारण केलेलं पाहिलं आहे.

पुढच्या अपडेटच्या आधी

वेळ निवडा. उद्या सकाळी समृद्धीवर गाडी घालायची असेल तर आज रात्री अपडेट नको. घरात लग्न, निकालाचा दिवस, पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला: ह्या आठवड्यांत 'रिमाइंड मी लेटर'. सुरक्षेचे छोटे पॅच मात्र टाळू नका. मोठी नवी आवृत्ती दोन-तीन आठवडे थांबवली तर काही बिघडत नाही, तोवर पहिल्या चुका दुरुस्त होऊन येतात.

बॅकअप घ्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर आता गूगल खात्याच्या फुकट १५ जीबीतच मोजला जातो, म्हणून तो कधीचाच थांबलेला असू शकतो. शेवटची तारीख पाहा. "गुड मॉर्निंग"चे व्हिडिओ काढले की जागा होते.

मग स्क्रीनशॉट. होम स्क्रीनचं प्रत्येक पान, वरची पट्टी, कीबोर्ड, फोन ॲप, एवढ्यांचे काढून घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवून ठेवा. अपडेटनंतर "आधी कसं होतं?" ह्यावर घरात दोन पिढ्यांचा वाद होतो, तो चित्र दाखवून मिटतो.

जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल का, असं सगळे विचारतात. ॲपपुरतं काही वेळा जमतं. पूर्ण प्रणालीचं उत्तर व्यवहारात नाही असंच आहे. डेटा पुसला जातो, बऱ्याच फोनांत कंपनीने ती वाट बंदच केलेली असते, आणि ॲपल काही काळातच जुनी आवृत्ती बसवू देत नाही.

दुकानात जायच्या आधी

फोन एकदा बंद करून चालू करा. ॲप अडत असेल तर 'क्लिअर कॅशे' निर्धास्त करा. त्याच्या शेजारचं 'क्लिअर डेटा' नाही. त्याने पैशाच्या ॲपची नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि व्हॉट्सॲपवर दाबलं तर बॅकअप नसलेले निरोप गेले. फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं, तर अगदी शेवटचा उपाय; तो करतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, बॅकअप कोण घेणार.

खरोखर बिघाड कधी समजायचा? स्क्रीनवर उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ आली, टच एका पट्ट्यात चालत नाही, सिम दुसऱ्या फोनात चालतं पण ह्यात नाही, किंवा आठवड्यानंतरही फोन हातात नुसता धरून तापतो. तेव्हा कंपनीच्या अधिकृत सेंटरवर जा, बिल घेऊन. अपडेटनंतर रेघ आलेल्यांना काही कंपन्यांनी स्क्रीन फुकट बदलून दिले आहेत, म्हणून आधी तिथे विचारा. फोन देताना पासवर्ड सांगू नका. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे, तो लावला की तुमचे फोटो आणि निरोप दिसत नाहीत.

आणि अपडेट कधीच व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून येत नाही. एपीके (apk) ह्या अक्षरांनी संपणारी फाइल, मग ती बँकेच्या नावाने असो, चालानाच्या नावाने असो की "नवीन अपडेट" म्हणून, उघडायची नाही. "तुमचं ॲप जुनं झालं, स्क्रीन शेअर करा, मी करून देतो" म्हणणाऱ्याचा कॉल तिथेच ठेवा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कॉल करा. सकाळी बँक उघडेल मग बघू, असं करू नका.

आईची वही

आईने देवघराशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक बदलाला एक ओळ: तारीख, काय बदललं, कुठून नीट केलं. मेन्यूची नावं ती तिच्या शब्दांत लिहिते. 'क्विक पॅनल' ला "वरचा पडदा", 'साइड बटन' ला "कडेची घुंडी". मी सुरुवातीला खरी नावं लिही म्हणून मागे लागलो होतो. मग पाहिलं की भजनी मंडळात फोनवरून ती दुसरीला समजावते, "वरचा पडदा उजवीकडून ओढ ना बाई, पेन्सिल दिसते का तुला?", आणि पलीकडचीला ते लगेच सापडतं.

वहीतली परवाची नोंद अशी आहे: "रात्री अपडेट. गजराचा आवाज बदलला. घड्याळात जाऊन जुना लावला. त्याला उठवलं नाही."